बोलता टोन

आमची वाजवायची पार्टी चालवणाऱ्या नविनने सुरतेहून तो कीबोर्ड आणला तेव्हा पार्टीत कुणालाच आवडला नाही. जेमतेम तीन सप्तकं, पाटाएवढी लांबी, आणि डाव्या अंगाला बगळ्यासारखी मान काढून उभा असलेला माईक. ढोलकीवाला तुक्या म्हणाला, "हा वाजवायचा का याच्यासमोर भाषण करायचं?" नविन म्हणाला, "दोन्ही." मग तो माझ्या दुकानात आणून ठेवला आणि म्हणाला, "जयाताई, तूच बघ बाई याचं काय ते."

आमची पार्टी म्हणजे तलासरीची बेंजो पार्टी. हळदीला, लग्नाला वाजवतो. मी कीबोर्डवर. पन्नाशीला टेकलेली बाई, दिवसा ब्लाऊज शिवते आणि सीझनला कीबोर्ड वाजवते, त्यामुळे लोक आधी माझ्याकडे टक लावून बघतात आणि मग नाचायला लागतात. मला शिकवलं कुणी नाही. मुलाच्या खेळण्यातल्या पेटीवर गाणी शोधता शोधता बोटं बसली. अजूनही अमुक सुराला काय म्हणतात विचारलंत तर मी नुसतं बोट दाखवीन.

त्या मशीनमध्ये दोन तऱ्हेचे टोन होते. एक कोरसचे. पट्टी दाबली की आतून बायकापुरुषांचा घोळका "आऽऽ" करायचा, किंवा "ऊऽऽ". कुठला देवळातल्यासारखा, कुठला पोरींचा, कुठला ढगातून आल्यासारखा. त्याला माईक लागत नव्हता. दुसरे व्होकोडरचे, ज्यांना आम्ही बोलता टोन म्हणायला लागलो. तिथे माईकमध्ये शब्द म्हणायचे आणि बोटांनी पट्टी दाबायची. शब्द तोंडातले, सूर बोटांचा, आणि बाहेर पडायचं ते गाणं. ज्याला गाता येत नाही तोही गायचा. तुक्याने त्यात स्वतःच्या बायकोचं नाव घेतलं आणि इतका खूश झाला की दिवसभर तेच.

एका दुपारी दुकानामागच्या खोलीत नवरा झोपला होता. त्याची झोप मोडू नये म्हणून मी हेडफोन लावले आणि अगदी कुजबुजत माईकमध्ये बोलले. गळ्यातून आवाज काढलाच नाही, नुसता श्वास आणि ओठ. आणि कानात मशीन भरगच्च गायलं. एकेक शब्द कळत होता.

मी पट्टीवरचं बोट उचललं. मला शुक्री फुई आठवली.

शुक्री फुई माझ्या वडलांची बहीण. राहते रानशेतला, आमच्याच जुन्या पाड्यावर. ती धवलेरी. आमच्यात लग्न धवलेरी लावते. ती तांदळाच्या पिठाने काढलेल्या चौकाशी बसून धवळं, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, तिच्यामागे दोन बाया ओळ धरतात, आणि तिचं गाऊन झालं की लग्न लागलं. फुईने चाळीस वर्षं लग्नं लावली. आवाज बारीक-गोड कधीच नव्हता. जाड, थोडा घोगरा, पण अंगणाच्या पार टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यालाही एकेक अक्षर कळायचं. मागे ओळ धरणारी भिकी तीन वर्षांमागे गेली, जमना त्याच्या आधी. मग फुईच्या गळ्यात गाठ आली. काढली तर आवाज जाईल, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. फुई म्हणाली, "काढा." गाठ गेली, आवाजही गेला. उरली ती कुजबुज.

आणि आता तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं. हर्षदाचं. घोलवडच्या नर्सरीत कामाला जाते, चिकूची कलमं बांधते. मुलगा तलासरीकडचा, सुनिल. मुलाच्या काकाने बैठकीत विचारलं होतं, "धवलेरी बोलत नाही, मग लग्न लावणार कसं? आमच्याकडचे महाराज आहेत, अर्ध्या तासात मोकळं." तसा वाईट माणूस नव्हता, सोयीचं बोलत होता. फुईचा मुलगा सुदाम खाली बघत बसला. हर्षदा आतून म्हणाली, "आजीने नाही लावलं तर मी बसणार नाही." फुई भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही, कारण बघून तरी ती काय बोलणार.

मी चारोटीला गाडी बदलून, मांडीवर कीबोर्ड घेऊन रानशेतला गेले. लग्नाला बारा दिवस होते.

फुईला मशीनचं सांगितलं तेव्हा तिने हाताने मला जवळ बोलावलं. तिचं ऐकायचं तर कान तिच्या तोंडाशी न्यावा लागतो.

"कशाला एवढं?" ती कुजबुजली. "मी तुझ्या कानात सांगते ओळ. तू मोठ्याने म्हण. झालं."

इतकं सोपं होतं. हे मी पुन्हा लिहिते, कारण रोज मनाशी म्हणतेच आहे: इतकं सोपं होतं. ती सांगणार, मी म्हणणार. माझा आवाज काही वाईट नाही. चाली मला लहानपणापासून पाठ, शब्द तेवढे कधी घेतले नाहीत. फुई मागे लागायची, घे गं गळ्यात, आणि मी म्हणायची, पुढच्या वर्षी. पण बारा दिवसांत ओळीमागून ओळ म्हणायला काय हरकत होती?

मी म्हटलं, "फुई, माझा गळा कुठे तसला! यात तूच गाशील. तुझेच शब्द. मी नुसती बोटं."

 तिने पदराने तोंड पुसलं आणि माईककडे तोंड केलं.

आम्ही टोन निवडायला बसलो. सुदामची बायको चंद्रिका चहा ठेवून दाराशी बसली, हर्षदा खाली पाय पसरून. पहिला टोन लावला. फुई कुजबुजली, मी पट्टी दाबली.

"भोपळ्यात माणूस अडकलाय," चंद्रिका म्हणाली.

दुसरा. हर्षदा हसून आडवी झाली. "आजी, तू एटीएममधून बोलतेस!"

तिसरा पातळ, पोरीबाळींसारखा. फुईने मान हलवली आणि मला जवळ ओढून म्हणाली, "ही कोण टवळी? मी नाय ही."

चौथा लावला. जाड आवाज होता. खाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरघर, आणि त्यातून शब्द खडे टाकल्यासारखे साफ बाहेर पडत होते. सुंदर म्हणावा असा नव्हताच. फुईने एक ओळ म्हटली, थांबली, परत तीच म्हटली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"हा माझा," ती म्हणाली. हे तिने माईकमध्येच म्हटलं आणि माझं बोट पट्टीवरच होतं, त्यामुळे ते घरभर ऐकू गेलं. चंद्रिकेने तोंडावर पदर घेतला. हर्षदा उठून बसली. दीड वर्षाने त्या घरात फुई मोठ्याने बोलली होती.

मला तो टोन आवडला नव्हता. ते मी तेव्हा बोलले नाही. मला वाटलं, मांडवात स्पीकरवर हा फार खरखरीत वाटेल. मी म्हटलं, "फुई, याच्यात थोडा कोरस मिसळू का? म्हणजे भिकी-जमना मागे असल्यासारखं वाटेल." आणि पोरींच्या कोरसचा "आऽऽ" वाजवून दाखवला. हर्षदा म्हणाली, "वॉव!" फुईने ऐकून घेतलं.

"छान हाय," ती माझ्या कानात म्हणाली. "पण त्या बाया काय बोलतात?"

"काही नाही. आऽऽ करतात."

"मग त्यांना जेवायला बसव," फुई म्हणाली, "लग्नाला नको." आणि हसली. तिचं हसणंही आता नुसता श्वास असतो.

मग मी सात-आठ वेळा रानशेतला गेले. सोपं नव्हतं ते. फुईची चाल माझ्या पट्ट्यांवर सरळ बसेना. ती ज्या सुरावर थांबायची तो दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी राहायचा. बाजूचं चाक फिरवून फिरवून मी तो जवळपास आणला. आता चाल माझ्याच हातात, पण श्वास तिचा, म्हणून मला तिच्या ओठांकडे बघत वाजवावं लागायचं. ओळ संपली की ती एक बोट उचलायची. शेवटच्या दिवशी आम्ही दोघी एका लयीत चाललो. एकदाही बोट उचलावं लागलं नाही. फुईने माझ्या गालाला हात लावला. असं सुख मला पार्टीत कधी मिळालं नव्हतं, आणि पार्टीत मी बावीस वर्षं आहे.

लग्न दुपारचं होतं. उंबराच्या फांद्या घातलेला मांडव, सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने काढलेला चौक. चौकाशी फुई, तिच्या शेजारी मी, आणि आमच्या पुढ्यात मशीन. दोन स्पीकर नविनने पार्टीचेच लावून दिले. मुलाकडची माणसं दोन टेम्पो भरून आली होती. त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं की इथे मशीनची धवलेरी आहे. त्यामुळे बसायच्या आधीच फोन वर निघाले.

फुईने सुरुवात केली. जाड, घरघरता आवाज स्पीकरमधून बाहेर पडला, आणि आमच्या पाड्यावरच्या बायांनी एकदम माना वर केल्या. एक म्हातारी तर "शुक्री गं!" म्हणाली, जशी कुणी गावाहून परत आली. पहिली दोन धवळं छान झाली.

मग मुलाकडच्या बाजूने पोरांमध्ये हसू सुरू झालं. एकजण मशीनच्या आवाजात बोलून दाखवायला लागला, "मी-रो-बो-धव-ले-री." एका पोरीने त्याला गप्प केलं, पण स्वतः हसतच. मुलाच्या काकाने मान वळवून कुणाला तरी काही म्हटलं आणि तोही हसला. बस, एवढंच. कुणी लग्न थांबवलं नाही, कुणी फुईचा अपमान केला नाही. फुई डोळे मिटून म्हणत होती, तिला बहुतेक ऐकूही गेलं नसेल.

मला ऐकू गेलं.  मला वाटलं, हे माझ्या मशीनला हसतायत. माझ्या वाजवण्याला. ते तलासरीचे लोक, माझ्या दुकानात येणारे, उद्या तिथे हेच सांगणार.

त्या धवळाची ओळ संपली, पुढचं सुरू झालं, आणि मी टोनचं बटण दाबलं. पोरींचा कोरस.

"चुकून दाबलं गेलं" असं मी नविनला सांगितलं. चंद्रिकेलाही तेच सांगितलं. इथे खरं लिहिते. मला माहीत होतं की त्या टोनला माईक लागत नाही. फुईचे शब्द बाहेर जाणार नाहीत, हे मला बटण दाबायच्या आधी माहीत होतं. मनाशी म्हटलं, एकच धवळ, पोरं गप्प झाली की परत आणीन.

पोरं गप्प झाली. सगळा मांडव गप्प झाला. खरोखर फार गोड आवाज होता तो, उन्हात ढग आल्यासारखा. मुलाकडच्या बाया "सरस, सरस" म्हणत पुढे सरकल्या. काकाने स्वतःचा फोन काढला. माझ्या बोटांना कधी नव्हती अशी लय आली आणि मी मान खाली घालून वाजवत सुटले. फुईच्या ओठांकडे बघायला हवं हे विसरले नव्हते. बघवत नव्हतं.

कधीतरी बघितलं. फुईचे ओठ थांबलेले होते. डोळे उघडे होते. गाणं चालूच होतं.

तिने बोट उचललं नाही. ती नुसती माझ्या हाताकडे बघत होती, आणि मी तीन ओळी तशाच वाजवल्या, कारण आता मध्येच थांबले तर सगळ्यांना कळेल. धवळ संपलं. मी घाईघाईने चौथा टोन परत लावला. पुढचं शेवटचं होतं. फुईने ते पूर्ण म्हटलं, एक अक्षर न गाळता. मग तिने मुलीवर आणि मुलावर तांदूळ टाकले. टाळ्या झाल्या. बेंजो सुरू झाला. लग्न लागलं.

जेवणाच्या पंगतीत पाड्यावरची ती म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. जेवता जेवता म्हणाली, "बाई, सगळं झालं, पण पोरांची नावं घेतली कधी? मला कमी ऐकू येतं हल्ली."

माझा घास हातातच राहिला. मला शब्द येत नाहीत, आणि लग्नाआधी नावं घ्यायची नसतात म्हणून सरावात फुई त्या जागी देवाचीच ओळ घ्यायची, त्यामुळे मला माहीतच नव्हतं. फुईच्या धवळांत एकच धवळ असं असतं ज्यात मुलीचं नाव येतं, मुलाचं येतं, दोघांच्या आईबापांचं, दोघांच्या पाड्यांचं. बाकी सगळं देवाचं, धान्याचं, झाडांचं. ती नावं फुई शेवटून दुसऱ्या धवळात घेते. त्याच धवळावर मी पोरी बसवल्या होत्या.

म्हातारीला मी म्हटलं, "घेतली की. तुम्हाला ऐकू आली नसतील."

फुईला भेटायला गेले तेव्हा ती आत निजली होती, भिंतीकडे तोंड करून. चंद्रिका म्हणाली, "दमल्यात." मी मशीन पिशवीत घातलं आणि टेम्पोत बसले.

पुढच्या चार दिवसांत तो व्हिडिओ उंबरगावपर्यंत पोचला. फक्त कोरसचा तुकडा. त्यात फुई दिसते, डोळे मिटलेली, ओठ हलतायत, आणि गाणं असं की अंगावर काटा यावा. ओठ थांबतात तिथे कुणीतरी फोन नवरीकडे वळवलाय. नविन दुकानात नाचत आला. "जयाताई, तिघांनी विचारलं! ती मशीनवाली धवलेरी पाहिजे म्हणतात! तुझ्या फुईला सांग, आपल्याच पार्टीत घेऊ." मी शिलाई मशीनवर एक हेम घालत होते. तीच हेम उसवली आणि परत घातली.

पाचव्या दिवशी रानशेतला गेले. कीबोर्ड नेला नाही. दारात सुनिलची मोटारसायकल उभी होती. हर्षदा-सुनिल माहेरपणाला आले असतील असं वाटलं, पण अंगणात पाऊल टाकलं तर चंद्रिका पुढे आली.

"सासूबाईंनी बोलावून घेतलं दोघांना," ती हळू म्हणाली. "आत बसवलंय. तुम्ही जरा इथेच बसा."

"मी आत गेले तर नाही चालणार?"

चंद्रिका माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाहेर बसायला सांगितलंय. सगळ्यांनाच."

सगळ्यांमध्ये मी आणि दोन कोंबड्या होतो. मी ओसरीवर बसले. भिंत कुडाची, मध्ये शेण-माती निघालेली. आतून कुजबुज येत होती, शब्द कळत नव्हता, नुसते स आणि च आणि फ. मध्येच सुनिल फिसकन हसला, कानाला गुदगुल्या झाल्या असणार. हर्षदा म्हणाली, "नीट बस ना." मग परत कुजबुज. चाल मला पाठ, पण चाल नव्हतीच. त्यामुळे आत्ता देवाचं चाललंय की पोरांची नावं चाललीत, हे मला बाहेर बसून कळलं नाही.

दोघं बाहेर आली. सुनिल लाजून कान चोळत होता. हर्षदाचे डोळे ओले होते, पण ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. "जयाफुई, चहा घेऊनच जा हां," म्हणाली आणि दोघं निघून गेली.

मग फुई येऊन माझ्या शेजारी ओसरीवर बसली. मी सगळा रस्ता जे घोकत आले होते ते सांगून टाकलं. "फुई, चुकून नाही दाबलं. ती पोरं हसली म्हणून मी मुद्दाम दाबलं."

तिने मला जवळ ओढलं नाही. मीच कान तिच्या तोंडाशी नेला.

"ठावं हाय," ती म्हणाली. "तुझा हात मला दिसत होता."

"मला माहीत नव्हतं गं, त्याच्यात नावं आहेत."

"कसं माहीत असणार," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "आता शिकव मला. तू सांग, मी मोठ्याने म्हणते. तू म्हणाली होतीस ना तसं. पुढच्या लग्नाला मशीन नको."

  फुईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कुजबुजली.

"बाकीचं राहू दे. एक सांगते. पहिल्या दोन ओळी मला कळलंच नाही. एवढं गोड येत होतं ना गं, मला वाटलं माझंच हाय. डोळे मिटून मी खूश झाले होते, जया. म्हटलं, बघा, गळा गेला तर केवढा चांगला आला."

तिला श्वास पुरेना, म्हणून ती थांबली.

"मग भिकीचं नाव घ्यायला गेले," ती म्हणाली. "नवऱ्याची आजी भिकीची बहीण ना, म्हणून मी मधे घातलं होतं, तुला सांगितलं नव्हतं. भिकीचं नाव घेतलं आणि ऐकायला कान दिला, तर नुसतं आऽऽ."

आतून चंद्रिकेने चहा आणला. फुईने बशीत ओतून प्यायला. मीही प्यायले. शिकवते की नाही हे तिने सांगितलं नाही आणि दुसऱ्यांदा विचारायचं मला धाडस झालं नाही. ऊन उतरायला लागलं तशी तिने हातानेच रस्त्याकडे दाखवलं. चारोटीची गाडी चुकली की मग साडेसहापर्यंत काही नसतं.